तिसरी ओळ

रायशुमारीला दौलतगंजातली धर्मशाळा घेतली होती.
पंखे दोन, त्यातला एक चालू,
आणि भोपाळहून आलेला निरीक्षक नेमका बंद पंख्याखाली.
विधानसभेची एक जागा,
एकशे अठरा कार्यकर्ते, प्रत्येकी एक चिठ्ठी,
चिठ्ठीवर तीन ओळी.
सही करायची नाही. स्वतःचं नाव लिहायचं नाही.
पेन्सिली वाटायचं काम माझ्याकडे.
सत्तावीस वर्षं वाटायचीच कामं माझ्याकडे:
मतदारांच्या पावत्या, बिल्ले, पुरीभाजीची पाकिटं.

आमच्या लष्करात ळ कुणी लिहीत नाही.
रेशनकार्डावर मी मुले, वीजबिलावर मूले,
मतदारयादीत वडील मुले, आई मुले,
वारल्यानंतरही तीन निवडणुका मुले.
बायको म्हणायची, घरात एक मूल नाही
आणि दारावर बहुवचन.

इंदूताई शेवडे आल्या त्या काठी आपटत.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता,
दुसरा दिवाळीनंतर निघायचा होता.
जिन्याच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, तू लिही, मी सांगते.
पहिलं, जीपवाले राजावत.
दुसरं, गजकवाल्या गुप्तांचा थोरला.
तिसऱ्या ओळीला थांबल्या.
बाहेर कुणीतरी कुणाचा तरी जयजयकार
हळू आवाजात करून पाहत होतं, तालीम म्हणून.
तुझं लिही.
ताई, हसतील.
मी हसतेय का?

लिहिलं.
ळची दोन्ही पोटं गोल काढली,
गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतली होती तशी,
आणि घडी घालून खोक्याच्या चिरेतून आत सोडली.
बुटांचाच खोका तो. वर लाख ओतली,
माझ्या अंगठ्यावर एक थेंब पडला.

मोजणी भोपाळला व्हायची होती.
पण खोका गाडीत चढायच्या आधीच
गोष्ट चहाच्या टपरीवर पोचली:
एक चिठ्ठी मुलेजींच्या नावाची,
मुलेजींच्याच अक्षरात.
माझं अक्षर अख्ख्या वॉर्डाला पाठ,
त्यांच्या पावत्या इतकी वर्षं लिहिल्या कुणी?
क्यों दादा, खुद ही को?
मी चहा फुंकत राहिलो.
इंदूताईंचं नाव घेतलं असतं तर सुटलो असतो.
पण चिठ्ठी गुप्त असते म्हणतात.
खोका कुणी उघडला ते जाऊ दे,
आपण तरी पाळावं.

यादी नवरात्रात आली, रात्री अकराला.
राजावत नाहीत. गुप्ता नाहीत.
जे नाव आलं ते कुणाच्याच ओळीत नव्हतं,
महिन्याभरापूर्वी तर ते पक्षातही नव्हतं.
राजावतांच्या पोरांनी पुतळा बांधला,
रॉकेल आणलं, मग कुणाचा तरी फोन आला.
पुतळा उसवला. ज्याचा शर्ट होता
त्याने झटकून परत अंगात घातला.

सकाळी उमेदवार बाड्यावर उतरले,
झेंडूच्या हारांतून फक्त चष्मा दिसत होता.
माझे दोन्ही हात धरले:
मुलेजी, आपका बहुत नाम सुना है.
नाव.
मी मान डोलावली आणि पावत्यांचे गठ्ठे मोजून घेतले.
पुरीभाजीचं कंत्राट यंदा दुसऱ्याला होतं.

दिवाळी झाली. मतदानाला चार दिवस.
शेवड्यांचा जिना चढलो.
इंदूताईंच्या दुसऱ्या डोळ्यावर हिरवी पट्टी.
त्यांच्या आडनावात ळ नाही,
यादीत त्या कायम बरोबर असतात.
तरी पावती नाकाजवळ नेऊन
एकेक अक्षर तपासलं,
मग माझ्याकडे न बघता विचारलं,
काय रे, आपला कितवा आला?

मोजताहेत, म्हटलं,
आणि पुढच्या दाराची पावती वर काढली.